काळीशेजारी काळी

जुना मदरबोर्ड विकायला काढला की पहिला प्रश्न बहुधा वजनाचा येतो. "मॅडम, सगळं मिळून किती किलो भरेल?" विचारणारा माणूस वाईट नसतो, त्याचा तो धंदा आहे. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं असतं, कार्डांच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि १९९५ साली आलेला पेंटियम प्रो तर या बाजारात फार मानाचा. पण काट्यावर गेलेल्या मालाचं पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये बोर्ड तापवून चिपा उपटल्या जातात, आम्लात बुडवून धातू काढला जातो, आणि हे करणाऱ्यांच्या हातात पुष्कळदा मोजेसुद्धा नसतात. शिवाय जो बोर्ड चालू आहे, त्याचं सोनं काढायचं म्हणजे काय? म्हणून वजन विचारणाऱ्याला मी गोड बोलून वाटेला लावते.

दुसऱ्या जातीचा माणूस फोन करतो आणि पहिल्याच वाक्यात विचारतो, "बोर्डावर बॅटरी कुठली आहे हो? बॅरल की कॉइन सेल?" त्याच्याशी मी अर्धा तास बोलते.

(हे फोन बहुतेक "काका आहेत का?" अशा सुरुवातीने येतात. काका आहेत. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि या पसाऱ्याशी त्यांचा संबंध एवढाच, की तो माळ्यावरून खाली कधी येणार हे ते अधूनमधून विचारतात.)

तर पसारा खाली येतोय, कारण आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे आणि नव्या फ्लॅटच्या नकाशात माळा नाही. माझी सगळी नोकरी एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटांची. पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत पतसंस्था, छापखाने, शाळा, दवाखाने इथली मशीन सांभाळायची. नवीन मशीन बसलं की जुनं कोपऱ्यात जाई, आठवड्याभरात त्याच्यावर फायलींचे गठ्ठे चढत आणि मग कुणीतरी म्हणे, "मॅडम, हे तुम्हीच न्या ना, जागा अडते." मी नेत गेले.

आपल्याकडे जुना कॉम्प्युटर सबंध सापडणं तसं अवघडच. परदेशात लोक नवीन घेतला की जुना गॅरेजमध्ये ठेवतात आणि तीस वर्षांनी तो खोक्यासकट निघतो. इथे ऑफिसातून तो साहेबांच्या घरी जायचा, साहेबांच्या मुलाचं बारावी झालं की गावाकडच्या पुतण्याकडे, पुतण्याकडून टायपिंगच्या क्लासला. वाटेत कुणीतरी रॅम काढून घेई, कुणी हार्डडिस्क, शेवटी कॅबिनेट उरे आणि तेही कोंबड्यांच्या खुराड्याला कामी येई. वस्तू पुरेपूर वापरली जाई, यात काही गैर नाही. पण त्यामुळे आज एखाद्याला १९९३-९४ सालचा मराठी ऑफिसातला कॉम्प्युटर जसाच्या तसा बघायचा असेल, तर तो फार थोड्या ठिकाणी मिळतो.

सुरुवातीला मला वाटत होतं, पैसे कशाला घ्यायचे? आपल्याला फुकटच तर आलं. तसा निरोप चार ओळखीच्यांत धाडला आणि दोन दिवसांत फोन सुरू झाले. "काय काय आहे? सगळं देऊन टाका, कधीतरी लागेल." हे 'कधीतरी लागेल' मला चांगलं ओळखीचं आहे, कारण त्याच्याच जोरावर माझा माळा भरला. एका माळ्यावरून उतरवून दुसऱ्या माळ्यावर चढवायचं असेल तर मधल्या रिक्षाभाड्याचा खर्च तरी कशाला? तेव्हापासून चालू वस्तूला मी किंमत लावते. फार नाही. पण दोनशे रुपये म्हटलं तरी माणूस क्षणभर थांबतो, आपल्याकडे तो स्लॉट आहे का हे बघून येतो, आणि आला की खरोखर घेऊन जातो. फुकट म्हटलेली वस्तू 'या रविवारी येतो' म्हणत तीन महिने दारात पडून राहते.

आपल्याकडे दान सत्पात्री करावं म्हणतात. कुपात्री कोण हे ठरवण्याचा अधिकार मात्र मी माझ्याकडे घेत नाही. किंमत तेवढं काम परस्पर करते.

बंद पडलेल्या मालाचे मी पैसे घेत नाही. यावर हौशी मंडळींतच दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, बंद बोर्डावरच्या चिपासुद्धा मोलाच्या असतात, मग फुकट का? बरोबर आहे, पण बंद बोर्ड मागायला येतात ती मुलं असतात, आणि त्यांच्या हाताला वळण लागायचं असेल तर बिघडवायला काहीतरी लागतं. नाशिकचा एक डिप्लोमाचा मुलगा असाच बंद बोर्डांची अख्खी पिशवी घेऊन गेला होता. त्यातल्या बहुतेकांना एकच रोग, बॅरल बॅटरीचा. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळात घड्याळ आणि सेटिंग जपायला बोर्डावरच निकेल-कॅडमियमची निळी किंवा हिरवी बॅटरी डाखलेली असे, ३.६ व्होल्टची. काही वर्षांनी ती पाझरते. आतला द्रव अल्कलाइन, तो तांब्याच्या रेघांवर पसरतो, रंगाच्या थराखाली शिरतो आणि कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत सगळं हिरवंगार करून टाकतो. उपाय सोपा आहे: बॅटरी कापून टाकायची, डाग व्हिनेगरने मारायचा, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा. पुढचं काम चिकाटीचं. तुटलेली प्रत्येक रेघ मीटरवर शोधून केसासारख्या तारेने जोडायची. पोराने महिनाभराने मला व्हिडिओ पाठवला, बोर्ड रॅम मोजतोय. मागे त्याची आई जेवायला हाक मारतेय आणि हा उठत नाहीये.

तुमच्याकडे असं काही जुनं पडलं असेल तर द्या किंवा देऊ नका, पण ती बॅटरी आजच कापा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर एकही पावसाळा जास्त जाऊ देऊ नका.

आता ज्यांना मी पूर्ण भाव लावते त्यांच्याबद्दल. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. त्यांच्या एका मशीनचं कंट्रोल कार्ड आयएसए स्लॉटचं, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं आहे. मशीन दणकट आहे, अजून वीस वर्षं चालेल, पण त्याच्या पोटातला कॉम्प्युटर गेला आणि नव्या साध्या बोर्डांवर आयएसए स्लॉट येतच नाही. नवा कंट्रोलर बसवायचा तर लाखांची गोष्ट. माझ्याकडे पेंटियमच्या काळातला, तीन आयएसए स्लॉट असलेला बोर्ड होता. मी बाजारभाव सांगितला, त्यांनी घासाघीस न करता दिला. हे ऐकून एक हौशी मित्र रागावला. "असा बोर्ड कारखान्यात घालायचा? तिथे तेल, लोखंडाचा कीस... आपल्यातल्या कुणाला दिला असतास." मला त्याचं हे 'आपल्यातला' पटत नाही. तो बोर्ड रोज आठ तास चालतोय आणि त्याच्यावर चार माणसांचा पगार निघतोय. काचेच्या कपाटात महिन्यातून एकदा चालू होण्यापेक्षा हे काय वाईट? असे लोक पुष्कळ आहेत. एम्ब्रॉयडरी मशीनवाले अजून फ्लॉपी शोधत येतात. त्यांना मी फ्लॉपी देत नाही, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा पेन ड्राइव्हवाला इम्युलेटर कसा लावायचा ते सांगते. आणि वर्कशॉपवाल्यांना नाशिकच्या त्या पोराचा नंबर त्याला विचारून दिला. आता तो त्यांचे बोर्ड दुरुस्त करतो आणि माझ्यापेक्षा जास्त पैसे घेतो.

सगळ्यात जास्त विचार मी एका कार्डाचा केला. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड. ज्यांनी नव्वदच्या दशकात सरकारी कचेरीत किंवा सहकारी संस्थेत काम केलंय त्यांना आठवेल. तेव्हाच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमला देवनागरीचा गंधही नव्हता. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस, लोटस, वर्डस्टार अशा इंग्रजी प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप करता यायचं, पडद्यावर दिसायचं. मूळ काम आयआयटी कानपूरचं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे वाढलं. माझं कार्ड तालुक्याच्या एका पतसंस्थेतलं. तिथल्या क्लार्क बाई सभासदांची नावं डीबेसमध्ये इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर इतक्या झपाट्याने मारायच्या, की कॉम्प्युटर मागे पडायचा.

या कार्डाची किंमत काय लावायची? भंगारात काही ग्रॅम. खेळांची हौस असलेल्यांना उपयोग शून्य. परदेशी संग्राहकाला कदाचित चमत्कारिक वस्तू म्हणून आवडलं असतं. एकाने बऱ्यापैकी रक्कम सांगितलीही, पण त्याला ते फ्रेम करून भिंतीवर लावायचं होतं.

मग कोल्हापूरच्या एका मुलीचा मेल आला. ती जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये आणायचे प्रोग्रॅम लिहिते. तिच्याकडे एका संस्थेच्या फ्लॉप्या होत्या, मजकूर इस्की संकेतातला. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेलं ते प्रमाण, आयएस १३१९४. संकेत कागदावर उपलब्ध आहे, रूपांतर करता येतं. पण टाइप करणाऱ्याने 'दर्या' मारलंय की 'दऱ्या', जोडाक्षर मुद्दाम तोडलंय की चुकून, हे त्या माणसाला तेव्हा पडद्यावर काय दिसत होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. तिला तो पडदा बघायचा होता. मेलमध्ये तिने विचारलं होतं, "कार्ड विकत नको, दोन दिवस तुमच्याकडे बसून वापरू द्याल का?"

मी कार्ड देऊन टाकलं. पैसे घेतले नाहीत. अट एकच घातली: कार्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो आणि सोबतचं माहितीपुस्तक स्कॅन करून कुणालाही बघता येईल असं ठेवायचं. कार्ड चालवायला मशीन लागणार, म्हणून ४८६ही तिलाच दिला. त्याचे मात्र पैसे घेतले, कारण ४८६ मागणारे आणखी होते. ती एसटीने आली आणि एसटीनेच गेली. स्वारगेटला कंडक्टरने कॅबिनेट बघून लगेज काढायला लावलं आणि वर विचारलं, "फ्रिज हाय का टीव्ही?"

देताना वस्तूबरोबर काय द्यायचं, हे मला अशा वेळी जास्त महत्त्वाचं वाटतं. ४८६च्या जमान्यातल्या एटी पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे दोन कनेक्टर येतात, पी८ आणि पी९. दोन्ही सारखेच दिसतात, शेजारी शेजारी बसतात, आणि एकमेकांच्या जागी बसवले तरी बरेचदा निमूट बसतात. मग स्विच दाबला की बोर्ड मरतो. नियम एवढाच, की दोन्ही कनेक्टरच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळीशेजारी काळी. आमच्या काळी पहिल्याच दिवशी सीनियर हे पाठ करून घ्यायचे. आजच्या पोरांना कोण सांगणार? १९९५ नंतर पॉवर सप्लायची एटीएक्स ही नवी पद्धत आली, तिचा कनेक्टर एकाच बाजूने बसतो, त्यामुळे त्यांना असं काही चुकू शकतं हेच सुचत नाही. आणखी एक: त्या कॅबिनेटच्या पुढच्या स्विचमध्ये थेट २३० व्होल्ट खेळत असतात. आजच्या बटणासारखं समजून उघड्या कॅबिनेटमध्ये तिथे बोट घातलं तर बोर्डाचं राहू दे, माणसाचंच बरंवाईट व्हायचं. म्हणून मी प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला जाड मार्करने लिहिलेली चिठ्ठी चिकटवते. साउंड कार्डाच्या पिशवीत जंपरची (सेटिंग बदलायच्या छोट्या पिनांची) जागा आणि 'ए२२० आय५ डी१' ही डॉससाठीची सेटिंग लिहून ठेवते. ज्याने डॉसवर एकही खेळ खेळलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

स्पेक्ट्रमच्या वेळी हेच झालं. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर इंग्लंडात १९८२ साली आला. आपल्याकडे डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला. माझ्याकडचा एका शाळेतला. घेणारा मूळचा सांगलीचा, आता केंब्रिजला असतो. सिंक्लेअरच्या गावात बसून त्याला सांगलीतल्या लहानपणीचा स्पेक्ट्रम हवा होता, तिथला चालणार नव्हता. सुट्टीला आला तेव्हा घेऊन गेला. त्याला म्हटलं, अ‍ॅडॅप्टर हाच वापर, किंवा नवा घेतलास तर आधी पिन तपास. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग निगेटिव्ह असतो, हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर बरोबर उलटे. कीबोर्डखालची मेंब्रेन (कळांचा दाब ओळखणारा पातळ पडदा) वाळून तडकलेली होती, तेही सांगितलं आणि तेवढे पैसे कमी केले. तो म्हणाला, "सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, मेंब्रेन तिकडे नवी मिळते." चाललं असतं, पण मला नसतं चाललं.

या बाबतीत मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची शिस्त मला आवडते. लोक त्या बाजाराला नावं ठेवतात, पण सेकंडहँड मालावर 'टेस्टिंग वॉरंटी' हा शब्द तिथे मी पहिल्यांदा ऐकला. समोर लावून बघा, चालला तर न्या, दुकानाची पायरी उतरलात की संपलं. यात फसवणूक कुठे आहे? फसवणूक 'चालू कंडिशन' असं मोघम लिहिण्यात आहे. मी तीन गोष्टी लिहिते: कधी चालू करून पाहिलं, कशावर पाहिलं, आणि काय पाहिलं नाही. 'साउंड कार्ड ओळखलं जातं, डावा स्पीकर तपासलेला नाही' असं लिहिल्यावर वस्तू उलट लवकर जाते, कारण वाचणाऱ्याला कळतं की बाकीचं तपासलंय.

आणि फसवणारे? भेटतात. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पाला पाहिजे म्हणून एकाने व्हूडू ग्राफिक्स कार्ड नेलं. थ्रीडीएफएक्सचं, १९९६च्या पिढीतलं, ज्याला जगभर मागणी आहे. पंधरवड्यात ते तिप्पट किमतीला विक्रीला दिसलं. मला किमतीचं काही वाटलं नाही. ज्याने तिप्पट देऊन घेतलं तो नक्की वापरणारा असेल, आणि मध्ये कुणी कमावलं तर कमावू दे, बाजार असाच चालतो. मला राग आला तो न जन्मलेल्या शाळेच्या प्रकल्पाचा. सरळ म्हणाला असता, मी पुढे विकणार आहे, तर मी थोडे जास्त घेऊन आनंदाने दिलं असतं.

हार्डडिस्क मी कुणालाच देत नाही, चालू असली तरी, जोपर्यंत मी स्वतः ती पुसत नाही. नुसतं क्विक फॉरमॅट मारून काही जात नाही. अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पानं जागच्या जागी असतात. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहावी लागतात, जुन्या डिस्कला त्यात रात्र जाते. माझ्याकडच्या डिस्कांवर डॉक्टरांच्या पेशंटांची नावं आहेत, पतसंस्थेची थकबाकी आहे. ज्या डिस्का फिरतच नाहीत त्यांच्या तबकड्यांना भोक पाडते. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची निघते आणि ठिकऱ्या उडतात, म्हणून ते काम गोणपाटात गुंडाळून, चष्मा लावून.

उरलेला खराखुरा कचरा नोंदणीकृत रिसायकलरला. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकांवर आहे वगैरे सगळं ठीक. प्रत्यक्षात मला दोन खोकी स्वतःच नेऊन द्यावी लागली.

पाठवण्याचा विषय निघाला की प्रत्येकाचं एक मत असतं. माझं मत ट्रॅव्हल्सच्या गाडीच्या बाजूने. रात्री ड्रायव्हरच्या हातात पार्सल द्यायचं, सकाळी समोरच्याने स्टँडवर उतरवून घ्यायचं, मध्ये कुठे गोदाम नाही आणि फेकाफेक नाही. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, त्यावर बबल रॅप. साध्या थर्माकोलला थेट टेकवू नका, त्याची स्टॅटिक चिपांना सोसत नाही.

आता माळ्यावर मोठी वस्तू एकच राहिली आहे, सतरा इंची सीआरटी, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा पिक्चर ट्यूबचा मॉनिटर. कुठल्याही गाडीने पाठवायची सोय नाही, ड्रायव्हर हातच लावत नाहीत. काचेत शिसं आहे, म्हणून भंगारात द्यायचा नाही. आणि चित्र अजून इतकं स्वच्छ, की जुने खेळ त्याच्यावर जसे दिसतात तसे नव्या स्क्रीनवर दिसत नाहीत, हे हौशी लोक उगाच म्हणत नाहीत हे पटतं. कराडच्या एका शिक्षकांना तो हवा आहे. त्यांच्या मेव्हण्यांचा टेम्पो भाजी घेऊन मार्केट यार्डला येतो आणि सकाळी रिकामा परत जातो. पैसे ठरलेत, टेम्पोचा वार ठरायचाय. त्यांना सांगितलंय, दोन माणसं लागतील, काच खालच्या बाजूला करून ठेवायचा, आणि येताना घरातल्या दोन जाड गोधड्या आणा.